मिशीपाशी अडलेला फोटो

नळदुर्गात शारदाकाकूंचं घर कुणालाही विचारलं, की "बायोडाटावाल्या काकू का?" असा उलट प्रश्न येतो आणि विचारणाऱ्याचा हात धरून त्याला हायवेच्या कडेपर्यंत आणून सोडलं जातं. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर ढाब्यांच्या मागून एक गल्ली खाली उतरते, तिच्यात निळ्या दाराचं घर. दाराशी चपलांचा ढीग दिसला, की आत कुणाच्या तरी लग्नाची तयारी चाललीय असं समजावं. तयारी म्हणजे अजून मुलगी बघणंसुद्धा सुरू झालेलं नसतं. पण कागद तर पाहिजे. आणि तो कागद काकूंच्या हातचाच पाहिजे.

काकूंचे यजमान राघवेंद्रराव हायस्कुलात क्लार्क होते. आता निवृत्त झाले आणि दिवसभर मधल्या खोलीतल्या बाजेवर पेपर वाचत पडायला मोकळे झाले. एकुलता मुलगा गुरुप्रसाद पुण्याला नोकरीला. घरात कॉम्प्युटर आला तो त्याच्या इंजिनिअरिंगच्या शिक्षणासाठी. त्यानं लॅपटॉप घेतला आणि हा मोठा डबा मागं राहिला, लग्नात आहेर म्हणून आलेल्या समईसारखा. टाकवत नाही आणि लावावी तर तेवढं तेल कोण घालतंय! काकूंनी त्याला क्रोशाचं झाकण विणलं. राघवेंद्रराव दुपारी ते झाकण सारून त्यावर पत्ते खेळायचे.

पन्नाशी उलटल्यावर एक दिवस काकूंनी जाहीर केलं, "मी कॉम्प्युटरच्या क्लासला जाणार."

"या वयात?" राघवेंद्रराव म्हणाले.

"मग कुठल्या वयात? आधीच्या वयात तुम्हाला साडेनऊला डबा लागत होता."

बसस्टँडजवळच्या क्लासात कॉलेजच्या पोरींच्या रांगेत बसून काकू मराठी टायपिंग शिकल्या. त्याच सुमारास शेजारच्या मुलीचा बायोडाटा बाजारातून करून आणला होता, त्यात 'गृहकृत्यदक्ष'चं 'गृहकृत्यदक्षिणा' झालं होतं. मुलीची आई रडकुंडीला आलेली. काकूंनी तो घरी बसून नीट केला, वर गणपती लावला, कडेनं नाजूक वेल सोडली. त्या मुलीचं महिन्याभरात जमलं. मग काय! अणदूर, जळकोट, काटगाव, कुठून कुठून माणसं यायला लागली. काकू पैसे घेत नसत. कुणी वांगी आणून देई, कुणी हुरडा, कुणी घरच्या म्हशीचं तूप.

काकूंची पद्धत मात्र कडक. समोर बसवून विचारणार.

"मुलगा काय करतो?"

"शेती."

"शेती करतो म्हणजे काय करतो? विहीर आहे? पेरतो काय? स्वतः कुळव धरतो, का बांधावर उभं राहून मोबाईल बघतो?"

खरं तेच लिहायचं, पण चांगलं दिसेल असं लिहायचं, हा त्यांचा नियम. माणूस सगळ्यांत आधी उंचीत खोटं बोलतो असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून दाराच्या चौकटीवर त्यांनी पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. येणाऱ्या नवरदेवाला चपला काढून आधी चौकटीला पाठ लावून उभं राहावं लागे. भलेभले तिथं दोन-दोन इंच आखूड झाले.

तर असं सगळं नीट चाललेलं असताना कॉम्प्युटर थकायला लागला.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग काकूंनाच कळलं, की आपण बटण दाबून देवाजवळ दिवा लावतो, कुकर चढवतो, तुळशीला पाणी घालून येतो, आणि तरीसुद्धा पडद्यावर ते गोल गोल फिरतंच आहे. आतला पंखा तर असा घोंघावायचा, की बाहेरून ट्रक गेला की आतून कॉम्प्युटर, काही फरक कळेना. सगळ्यांत वाईट फोटोचं. फोटो उघडायचा म्हटलं की वरून खाली, थोडा थोडा यायचा. आधी केस. मग कपाळ. मग भुवया. नवरदेवाची आई शेजारी खुर्चीवर पुढं सरकून बसलेली, जसं काही आपल्या पोराला नाक आहे का नाही हे तिला आत्ताच कळणार.

अशातच एका सकाळी जळकोटचा कोंडीराम आला. बरोबर त्याची आई गिरिजाबाई आणि मामा. बाहेर जीप चालूच ठेवलेली. अक्कलकोटला मुलगी बघायला निघाले होते. कोंडीराम पस्तिशीकडं झुकलेला, अंगानं आडवा, मिशी मोठी आणि आवाज तिच्या मानानं एकदम मऊ. त्याचा बायोडाटा काकूंनी पूर्वीच केलेला होता, फक्त मोबाईल नंबर बदलून नवीन प्रत काढायची होती.

"पाच मिनिटांचं काम," काकू म्हणाल्या आणि बटण दाबलं.

पाच मिनिटं गेली. चहा झाला. दुसऱ्यांदा चहा झाला. शेवटी फाइल उघडली आणि फोटो यायला लागला. केस आले, कपाळ आलं, डोळे आले. नाक आलं. मिशीचा वरचा काठ दिसला आणि सगळं थिजलं. माउस हलेना, कळफलक ऐकेना. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला.

मामा म्हणाले, "मिशीतच अडकलं की हो! कापून घे म्हणत होतो तुला."

"असू द्या काकू," कोंडीराम उठत म्हणाला. "आता माणूसच चाललाय समोर, कागद कशाला. तुमी जिवाला लावून घेऊ नका."

ते गेले. संध्याकाळी निरोप आला, नकार. मुलीकडच्यांना शेतीवाला मुलगा नकोच होता, कागद असता तरी तेच झालं असतं. गिरिजाबाईंनी स्वतः फोन करून तसं सांगितलंही. पण काकूंना रात्रीचं जेवण गेलं नाही. राहून राहून तो अर्धा चेहरा डोळ्यांपुढं येत होता.

"आई, भंगारात दे तो," गुरुप्रसाद फोनवर म्हणाला. "नवीन घेऊन देतो मी. जुन्याच्या मागं कशाला लागतेस?"

"नवीन घेतला तरी चार वर्षांनी तो जुनाच होणार ना? तेव्हा काय करायचं, त्याला पण भंगारात?"

"आई, मला मीटिंग आहे."

फोन ठेवला गेला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला. या वेळी सून होती, श्रिया.

श्रियाचं आणि काकूंचं नातं म्हणजे, भांडण नव्हतं आणि गप्पाही नव्हत्या. गुरुप्रसादनं आपल्या ऑफिसातली मुलगी आपणच पसंत केली होती. अख्ख्या तालुक्याचे बायोडाटे करणाऱ्या बाईच्या घरात सून आली ती बायोडाट्याशिवाय! काकू हसून बोलल्या होत्या, पण कुठंतरी बारीक लागलं होतं. फोनवर दोघींचं "जेवलात का", "पाऊस आहे का", "काळजी घ्या" एवढ्यात आवरायचं.

"आई," श्रिया म्हणाली, "मी बाजूला बसून ऐकत होते. लगेच टाकून देऊ नका. आधी बघू तरी काय झालंय. रविवारी तुम्हाला वेळ आहे?"

"आहे की. पण तुला सुट्टीच्या दिवशी?"

"मला आवडतं हे. माझ्या वडिलांचा कॉम्प्युटर मीच बघायचे."

रविवारी सकाळी मोबाईल डाळीच्या डब्याला टेकवून उभा केला. पलीकडं श्रिया, अलीकडं काकू, पदर खोचून. राघवेंद्रराव दारात उभे.

"आधी मेन बटण बंद करा आई. सगळ्या वायरी काढा. काढायच्या आधी फोटो काढून ठेवा म्हणजे परत लावताना चुकणार नाही. आता डब्याच्या मागचे स्क्रू."

"उघडायचा?" राघवेंद्रराव पुढं आले. "अगं, गॅरंटी जाईल!"

"अहो, तुमची नोकरी संपली, याची गॅरंटी अजून असेल का?"

बाजूचा पत्रा सरकवला आणि काकूंच्या तोंडून त्यांच्या अक्कलकोटच्या माहेरचं "अय्यो!" निघालं. आत हायवे होता. इतक्या वर्षांत रस्त्यावरून जेवढे ट्रक गेले त्यांची सगळी धूळ तिथं येऊन बसली होती. पंख्याच्या पात्यांवर तर करड्या लोकरीसारखी गादीच साठलेली. कोपऱ्यात पालीच्या अंड्यांची टरफलं.

"याला श्वासच घेता येत नव्हता," श्रिया म्हणाली. "गरम झालं की तो आपोआप हळू होतो, जीव वाचवायला."

"मग सांगायचं ना बाबा," काकू कॉम्प्युटरला म्हणाल्या.

श्रियानं सांगितलं तसं त्यांनी आधी लोखंडी खिडकीला हात लावला, अंगातली वीज उतरावी म्हणून. मग गुरूचा शाळेतला रंगाचा मऊ ब्रश घेऊन हळूहळू धूळ मोकळी केली. ओलं फडकं अजिबात नाही, हे श्रियानं तीनतीनदा बजावलं. पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवलं, आणि राघवेंद्ररावांनी सायकलच्या पंपानं लांबून हवा मारली. पहिल्या दणक्याला सगळी धूळ त्यांच्याच चष्म्यावर आली. पलीकडं श्रिया हसू दाबत होती. काकूंनी ते पाहिलं आणि त्या मोकळ्या हसल्या, मग तिचंही फुटलं.

सगळं परत जोडून बटण दाबलं, तर एकदम शांत. राघवेंद्रराव म्हणाले, "झालं! बंद पाडलात दोघींनी." पण पडद्यावर हिरवं शेत उगवलं होतं. पंख्याचा आवाज नव्हता एवढंच.

तरी सुरू व्हायला वेळ लागतच होता. पुढच्या रविवारी श्रियानं त्यांना एक खिडकी उघडायला लावली, टास्क मॅनेजर. त्यात स्टार्टअप नावाचा भाग.

"कॉम्प्युटर उठला की त्याच्याबरोबर कोण कोण उठतं, ते इथं दिसतं आई."

काकूंनी चष्मा पुसून वाचलं. तीन वेगवेगळी कुंडली बघायची सॉफ्टवेअरं, हवामानाचं काहीतरी, मोबाईलमधली गाणी चढवायचं काहीतरी, आणि पत्त्यांचे इतके प्रकार की मोजायचा कंटाळा येईल.

"हे तर लग्नघरासारखं झालं," काकू म्हणाल्या. "नवरी अजून उठली नाही आणि लांबचे पाहुणे चहा मागत बसलेत."

"तेच! त्यांना घालवायचं नाही, फक्त म्हणायचं, बोलावलं की या. डिसेबल."

"आणि हे पत्ते?"

मधल्या खोलीत पेपर एकदम जोरात फडफडला. "एक तरी राहू दे," आवाज आला.

एक राहू दिला. मग श्रियाच्या लक्षात आलं, की त्यात दोन अँटिव्हायरस होते. एक गुरूच्या वेळचा, एक नंतर कुणीतरी घातलेला. "दोघं एकमेकांवर संशय घेत बसतात आई. एक फाइल उघडली की आधी हा तपासणार, मग तो. एका घरात दोन सासवा असल्यासारखं..." बोलता बोलता तिनं जीभ चावली.

काकूंनी तिच्याकडं पाहिलं. "एक तरी ठेवशील ना?"

"एक पाहिजेच आई," श्रिया लाजून म्हणाली. "एकीशिवाय घर चालत नाही."

त्या दिवशी फोन ठेवताना "काळजी घ्या"च्या पुढं आणखी बराच वेळ बोलणं झालं. पुण्याच्या घरात गुरुप्रसाद ओले टॉवेल गादीवर टाकतो, ही गोष्ट काकूंना पहिल्यांदाच कळली, आणि त्याला काय उपाय करायचा हे श्रियाला.

खरं दुखणं तिसऱ्या रविवारी निघालं. सी ड्राइव्हची पट्टी काठोकाठ लाल होती. डीची पण तीच गत. आधी टेम्पररी फाइली काढल्या, म्हणजे कॉम्प्युटरनं स्वतःच्या कामासाठी लिहून नंतर उचलायच्या विसरलेल्या चिठ्ठ्या. त्यानं थोडी जागा झाली. बाकी सगळं बायोडाटे आणि फोटो. हल्लीच्या मोबाईलनं काढलेले थोराड फोटो, एकेका नवरीचे दहा-दहा, साडी बदलून.

"हे सगळं सिलेक्ट करा आणि डिलीट," श्रिया म्हणाली.

काकूंचा हात माउसवर थांबला. "अगं, ही माणसं आहेत."

"मग पेनड्राइव्हवर ठेवू."

काकूंनी विचार केला. "ज्यांचं लग्न झालंय त्यांचं ठेवायचं तरी कशाला? जन्मवेळ, घरचा नंबर, मामाचं गाव, सगळं असतं त्यात. उद्या माझ्या माघारी कुणाच्या हाती पडलं तर? ज्यांचं झालं ते पुसायचे. ज्यांचं राहिलंय ते राहतील."

"पण झालंय कुणाचं, हे कसं कळणार?"

"विचारायचं."

आणि काकूंनी फोन लावायला सुरुवात केली. आठवडाभर घरात तेच चाललं. राघवेंद्रराव नंबर वाचून दाखवायचे, काकू बोलायच्या. "मी शारदाकाकू, नळदुर्ग. लग्न झालं का रे? म्हणजे पुसते तुला." कुणी म्हणालं, "पुसा काकू, दोन पोरं झाली!" आणि लगेच पोरांचे फोटो पाठवले. एका बाईनं कुजबुजत सांगितलं, "जमलंय, पण साखरपुडा होईस्तोवर राहू द्या." एक मुलगी म्हणाली, "मी फौजदार झालेय. लग्नाचं बघू नंतर, पण तो फोटो बदला. त्यात मी फार घाबरलेली दिसते."

कोंडीरामला फोन केला तेव्हा पलीकडून कढईत उलथणं हलल्याचा आवाज येत होता.

"नका पुसू काकू," तो म्हणाला. "मी हाय तसाच हाय अजून."

"नाही रे पुसत. काय करतोयस?"

"वांग्याची भाजी. आईचे गुडघे लई धरलेत, तिला उभं राहवत न्हाय. आता माझ्याच हातचं आवडतं म्हणती."

काकूंनी त्याच्या फाइलवर नवा नंबर घातला आणि ती पहिल्या ओळीत आणून ठेवली.

याच सफाईत श्रियाला पडद्यावर एक नाव दिसलं. "आई, हा गुरूचा आहे का?"

त्याचाच होता. मुलगा नोकरीला लागल्याबरोबर काकूंनी हौसेनं त्याचा बायोडाटा करून ठेवला होता. कुणाला दिला मात्र नव्हता, कारण तेवढ्यात त्यानं श्रियाचं नाव सांगितलं.

"उघडा ना!" श्रिया म्हणाली. उघडला. ती वाचत गेली आणि हसत सुटली. "पाच फूट नऊ? आई! तो पाच फूट सातच्या वर नाही!"

"तो त्यानं फोनवर सांगितलेला आकडा," काकू ओशाळून म्हणाल्या. "आईच ती, चौकटीला उभं करायला विसरली."

"हा पुसू नका. मला पाठवा. मला फ्रेम करून लावायचाय."

तो पाठवला, आणि इतक्या दिवसांची ती बारीक लागलेली जागा कुठं होती, हे काकूंना नंतर शोधूनही सापडलं नाही.

रिसायकल बिन रिकामी केली तेव्हा सी ड्राइव्हची पट्टी निळी झाली. बटण दाबल्यावर देवाजवळची वात पेटवून मागं वळेपर्यंत कॉम्प्युटर तयार. काकूंना आनंद झाला आणि जरा चुकल्यासारखंही झालं. कुकर चढवायला आता वेगळा वेळ काढायला हवा होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपारच्या उन्हात, दाराशी एक स्कूटी थांबली. हेल्मेट काढून आत आली ती अणदूरची हर्षाली. काकूंनी तिला लगेच ओळखलं. पाच-सहा वर्षांपूर्वी तिचा बायोडाटा त्यांनी केला होता, तिच्या लग्नाला त्या जाऊन जेवूनही आल्या होत्या.

"ये गं! माहेरपणाला आलीस?"

"माहेरीच असते काकू आता." हर्षालीनं पाणी घेतलं, पेला खाली ठेवला. "पटलं नाही. कोर्टाचं पण सगळं झालं. इथं नळदुर्गात लॅबमध्ये लागलेय, रक्त तपासायच्या. घरचे म्हणतात परत बघू. मी म्हटलं, बघा. जुना बायोडाटा आहे ना तुमच्याकडं? फक्त एक ओळ बदलायची. 'अविवाहित' काढून 'घटस्फोटित' टाका."

सगळ्यांना फोन केले होते काकूंनी, पण हिला केला नव्हता. हिच्या लग्नात स्वतः जिलबी खाल्लेली, विचारायचं काय?

"हर्षाली," त्या म्हणाल्या, "मी तो पुसला गं. मागच्याच महिन्यात. मला वाटलं, झालं की सगळं."

हर्षाली क्षणभर नुसती पडद्याकडं बघत राहिली. मग तिचे खांदे हलले. काकू घाबरून उठल्या, तर ती हसत होती.

"बरं झालं काकू. लई बरं झालं. तो माझ्या चुलत्यांनी सांगितलेला होता. 'मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष, मोठ्यांचा मान राखणारी.' मी कोपऱ्यात बसून ऐकत होते, ही कोण मुलगी म्हणून. आता नवा करा. मी सांगते."

काकूंनी कोरं पान उघडलं. लगेच उघडलं. पूर्वी या वेळात माणसं चहा पिऊन मोकळी व्हायची. आता ती बारीक उभी रेघ पानावर लुकलुकत होती आणि हर्षालीला शब्द सापडत नव्हते. काकूंनी घाई केली नाही.

"शिक्षण लिहा. नोकरी लिहा, आणि लिहा की सोडणार नाही. उंची?"

"चौकटीला उभी राहा."

ती राहिली. बरोबर निघाली, एक इंचही फरक नाही. काकूंना तिचा अभिमान वाटला.

"अपेक्षा?"

"घरात मोठ्या आवाजात बोलणारा नको," हर्षाली म्हणाली. काकूंनी मान खाली घालून टाइप केलं, वर पाहिलं नाही. "आणि मी कामावरून दमून आले, तर कधीतरी त्यानं भाकरी टाकावी. असं लिहितात का हो?"

"मी लिहिते ना."

"असा कुणी असतो का पण?"

काकूंचा आणखी एक नियम होता. आपण कागद करायचा, जोडी लावायच्या भानगडीत पडायचं नाही. एकदा त्यात पडलं की दोन्हीकडच्या शिव्या आपल्याला. त्यांनी ओठ घट्ट मिटले. पण मधल्या खोलीतल्या बाजेला तो नियम लागू नव्हता.

"असतो की!" राघवेंद्रराव पेपरामागून ओरडले. "आपला जळकोटचा कोंडीराम! वांग्याची भाजी काय करतो म्हणे!"

"अहो!" काकू म्हणाल्या.

"कोण कोंडीराम?" हर्षालीनं विचारलं.

काकूंनी मिनिटभर विचार केला. मग त्यांनी कोंडीरामलाच फोन लावला. "एकीला तुझा बायोडाटा दाखवू का?" पलीकडून नुसतं "व्हय काकू" आलं, तेही इतकं मऊ की दुसऱ्यांदा विचारावं लागलं. त्यांनी फाइलवर दोनदा टिचकी मारली. केस, कपाळ, डोळे, नाक, मिशी, सगळा माणूस एकदम समोर.

हर्षाली पुढं वाकली. "अय्या, हा? हा ओळखीचा आहे! आईची साखर तपासायला आणतो आमच्याकडं. सुई आईला टोचते आणि डोळे हा मिटतो. मागच्या वेळी मी म्हटलं, तुम्ही बाहेर बसा, नाहीतर दोघांना झोपवावं लागेल."

तिनं बायोडाटा शेवटपर्यंत वाचला. व्यवसाय: शेती, पुढेही शेतीच. अपेक्षेच्या जागी काही नव्हतं.

"इथं का रिकामं?"

"काही सांगितलंच नाही त्यानं. म्हणाला, जी येईल तिलाच विचारू."

जाताना हर्षाली आपल्या नव्या बायोडाट्याच्या दोन प्रती घेऊन गेली.

मग दोन्ही घरांत बोलणी झाली. घटस्फोटाचं ऐकून मामा जरा कुरकुरले, तेव्हा गिरिजाबाईंनीच त्यांना गप्प केलं. "ती पोरगी रक्त काढती तर मला कळत सुदिक न्हाय," त्या म्हणाल्या. "एवढा हलका हात मी बघितला न्हाय." एकच गोष्ट हर्षालीनं मागितली. मुलाकडच्यांनी यायचं, पोहे खायचे, मुलीनं ताट घेऊन उभं राहायचं, हे एकदा झालंय. या वेळी तीच बघायला जाणार, आणि बरोबर शारदाकाकू येणार.

काकू आयुष्यात पहिल्यांदा स्कूटीवर मागं बसल्या. जळकोटला पोचल्या तर कोंडीराम नवा शर्ट घालून चुलीपुढं, कपाळाला पीठ लागलेलं. पिठलं, भाकरी, मिरचीचा ठेचा. गिरिजाबाई पाय पसरून बसलेल्या आणि म्हणत होत्या, "घ्या वैनी, पोटभर घ्या, लाजायचं न्हाय." जेवण झाल्यावर ती दोघं विहिरीपर्यंत गेली आणि बऱ्याच वेळानं आली. काकूंनी दोघांच्या तोंडाकडं पाहिलं, पण काही वाचता आलं नाही.

परतताना अर्ध्या रस्त्यात हर्षालीच बोलली. "पिठल्यात मीठ जास्त होतं काकू."

"होतं जरा," काकूंनी जीव मुठीत धरून कबूल केलं. "मग?"

"मग काय. सांगितलं त्याला."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, उद्याच्याला कमी टाकतो."

एक ट्रक हॉर्न वाजवत बाजूनं गेला, म्हणून काकूंचं हसू कुणाला ऐकू गेलं नाही.

तुळशीचं लग्न झाल्यावर जळकोटला मारुतीच्या देवळापुढं मांडव पडला. पुण्याहून श्रिया आणि गुरुप्रसाद दोघंही आले. काकू श्रियाला प्रत्येक बाईपाशी घेऊन जात होत्या, "ही माझी सून. कॉम्प्युटर हिनंच बरा केला." व्हायचं तेच झालं. अक्षता पडल्यावर पंगतीआधीच एका मावशीनं आपला मोबाईल पुढं केला. "माझा लई हळू चालतोय बघ गं, काय झालंय त्याला?" मग दुसरीनं. मग गिरिजाबाईंच्या जावेनं. बघता बघता श्रियाच्या शालूवर मोबाईलांचा ढीग झाला आणि तिनं घाबरून सासूकडं पाहिलं.

काकूंनी शेजारची खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि पदर खोचला.

"निम्मे इकडं दे," त्या म्हणाल्या. "आणि आधी सगळ्यांना विचार, कुठले फोटो ठेवायचेत ते. विचारल्याशिवाय एकही पुसायचा नाही."